तीनदा धुतलेली भांडी

आमच्या घरी पाहुण्यांना डब्यातला रस मिळत नाही. लिंबू पिळते, कोकम काढते, काहीच नसलं तर पाणी देते. सोसायटीतल्या बायका मला त्यावरून चिडवतात, की हिला सगळ्यात विषच दिसतं. मी हसून सोडून देते. त्यांना वाटतं, मी रसात काय काय असतं ते बघितलंय म्हणून असं करते. ते खरं आहे, पण अर्धंच.

मुलुंड पश्चिमेला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये आमची लॅब होती. खाली बॉक्स बनवणाऱ्याचा गाळा, वर आम्ही. जिन्यात सतत खळीचा वास यायचा. आमच्याकडे मसाले यायचे, पाणी यायचं, बाळांच्या पिठांचे डबे यायचे आणि रस तर खोक्यांनी यायचे. सफरचंद, आंबा, पेरू, मिक्स. त्यात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम असलं काही आहे का, ते बघायचं. मी तिथे सोळा वर्षं होते आणि धातूंच्या खोलीची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे सही माझी.

काम ऐकायला मोठं वाटतं, पण असतं स्वयंपाकासारखंच. रस मोजून भांड्यात घ्यायचा, त्यात ऍसिड घालायचं, झाकण आवळून बंद करायचं आणि तापवायचं. तासाभराने उघडलं की रंग नाही, वास नाही, नुसतं पाण्यासारखं काहीतरी उरतं. ते यंत्राला पाजायचं. कुठला धातू किती, ते यंत्र सांगतं. ह्या सगळ्यात एक भांडं असं असतं ज्यात रस नसतोच. नुसतं ऍसिड आणि पाणी. बाकी सगळं तसंच करायचं. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. आपल्या ऍसिडातून, पाण्यातून, भांड्यातून किती धातू आला ते ब्लँक सांगतो, आणि तेवढा रसाच्या आकड्यातून वजा होतो. म्हणजे ब्लँक चुकला की सगळं चुकलं. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचे, आणि जरा चढ्या आवाजात सांगायचे.

ही भांडी धुवायला मावशी होती. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली आणि मग काही वर्षांनी नवराही गेला. भांडुपच्या टेकडीवर चाळीत राहायची. मुलगा दुसरीकडे संसार थाटून बसलेला, सून मॉलमध्ये कामाला, आणि पाच-सहा वर्षांची नात हिच्या पदरात. शिक्षण चौथी, पण धातूंच्या खोलीतली भांडी तिच्यासारखी कोणी धुतली नाहीत. रात्रभर ऍसिडात बुडवून ठेवायची, सकाळी काढून यंत्राच्या शुद्ध पाण्याने तीनदा खळखळायची आणि उपडी घालायची. पहिल्या वर्षी मी तिच्या मागे उभी राहून मोजायचे. नंतर मोजणं सोडलं.

"मॅडम, तुमचा ह्या यंत्र माणसापरास नाजूक," ती म्हणायची. "माणूस तरी एकदा धुतल्यार ऐकता."

आमच्याकडे एक रीत होती. कंपन्या रसाचे डबे अख्खं खोकं भरून पाठवायच्या. तपासायला लागायचे दोन-तीन, दोन-तीन सील लावून कपाटात राखून ठेवायचे, बाकीचे उरायचे. माल पास झाला की उरलेले डबे शनिवारी सगळ्यांत वाटून घ्यायचे. नापास मालाला कोणी हात लावायचं नाही. लॅबमध्ये तपासलेलं म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं आम्ही मोठ्या दिमाखात बोलायचो. पहिला वाटा मावशीचा, कारण घरात लहान पोर. ती पिशवी घेऊनच यायची.

त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही बायकांनी लॅबमध्ये हळदीकुंकू ठेवलं. पुढच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. धातूंच्या खोलीत कुंकू, पावडर, काजळ यातलं काही नेता येत नव्हतं. दाराला तसा कागद चिकटवला होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता. आम्ही एरवी टिकल्याच लावायचो. पण हळदीकुंकवाला टिकलीची पाकिटं फिरवायची म्हणजे कसंतरीच, म्हणून मी सकाळी येताना स्टेशनसमोरून कुंकवाची पुडी घेतली. छान लालभडक होतं. वाण म्हणून प्लास्टिकच्या गाळण्या होत्या. सगळ्यांना कुंकू मीच लावलं, वयाने मोठी म्हणून.

मावशी तिथेच कोपऱ्यात स्टुलावर होती. मी पुडी उघडली तशी ती उठली आणि धुण्याच्या खोलीत निघून गेली. कोणी तिला जा म्हटलं नाही. कोणी थांब पण म्हटलं नाही. सगळं उरकल्यावर मी आत जाऊन तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, गाळणीही दिली, आणि आपण किती सुधारलेल्या आहोत असं मला वाटलं. हे आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच दिवशी सकाळी एका कंपनीचा माणूस सफरचंदाच्या रसाचं खोकं टाकून गेला होता. छोटे डबे, बाजूला स्ट्रॉ चिकटवलेला, मुलांच्या मधल्या सुट्टीसाठीचे. माल निघायचा होता, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता. सर, म्हणजे लॅबचे मालक, दोनदा डोकावून गेले. सुट्टी संपताच मी हात साबणाने धुतले, ग्लव्ह चढवले आणि कामाला लागले. आधी ब्लँक. दोन घ्यायचे असतात, मी घाईत एकच घेतला. तो भरून झाकण लावते तोच उजवा ग्लव्ह अंगठ्याशी फाटला. नवा घातला आणि रसाची भांडी भरली.

संध्याकाळी आकडे आले. ब्लँकमध्ये शिसं नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. नियम सरळ आहे. ब्लँक वर गेला की सगळं फेकून पुन्हा करायचं. नव्या मुलीने ते तसंच पुढे सरकवलं असतं तर मी तिला फाडून खाल्लं असतं. पण मी स्वतःशी हिशेब जुळवला. ऍसिडची बाटली नवी आहे. त्यातूनच शिसं आलं असेल तर रसाच्या भांड्यातही तेवढंच आलं असणार. मग वजा केलं की झालंच बरोबर. एवढं डोकं चालवण्यापेक्षा पुन्हा केलं असतं तर दीड तास गेला असता. वजा केल्यावर रस मर्यादेच्या जरासा खाली बसला. पास. मी सही केली.

शनिवारी मावशीने सहा डबे पिशवीत टाकले. "पोरगी खूश होतली," म्हणाली.

तीन-चार आठवड्यांनी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्याच मालाचे डबे एका घाऊक खरेदीदाराने दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घेतले होते आणि ते नापास झाले होते. शिसं मर्यादेच्या वर. आम्ही कपाटातला राखीव डबा काढून पुन्हा तपासला. आमच्याकडेही नापास. तोपर्यंत माल दुकानांत जाऊन, विकला जाऊन, पिऊनसुद्धा झाला होता.

"वाट लागली यार," सर डोकं धरून म्हणाले. "कसं झालं हे? ब्लँक एवढा वर गेलाच कसा?"

"भांडं नीट धुतलं गेलं नसेल," मी म्हटलं.

विचार करून म्हटलं नाही. सवयीने तोंडून गेलं. आमच्या धंद्यात ब्लँक वर गेला की पहिलं बोट धुण्याकडेच जातं. सरांचा चेहरा लगेच मोकळा झाला. ह्या प्रकरणाचा एक फॉर्म भरावा लागतो, त्यात कारणाचा रकाना असतो आणि उपायाचा रकाना असतो. कारण मी लिहिलं: भांडी नीट न धुणे. उपाय सरांनी सांगितला तो लिहिला: धुणारी व्यक्ती बदलली.

मावशीला त्याच दिवशी सांगितलं. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातातला रबरी हातमोज्यांचा जोड तिने नीट घडी करून ठेवला.

"तीनदा धुतलंय, मॅडम. तुमी बघतास ना? सायबाक सांगा."

मी यंत्राच्या स्क्रीनकडे बघत होते. तिथे काही नव्हतं, यंत्र गरम होत होतं. मी म्हटलं, "मावशी, माझ्या हातात काही नाही गं." तिने आपली पिशवी उचलली आणि गेली. मला वाईट वाटलं, पण तेव्हा मला खरंच वाटत होतं की चूक तिचीच असणार. वय झालंय, एखाद्या वेळी दोनदाच धुतलं असेल. असं म्हणून मी डबा उघडून जेवले.

एप्रिलमध्ये बाहेरच्या लोकांची तपासणी होती. त्याआधी सगळ्या वह्या चाळून सह्या राहिल्यात का ते बघायचं असतं. मी जानेवारीचं पान उलटलं. तक्रार आली तेव्हा आम्ही फक्त यंत्राचे छापील कागद बघितले होते, माझी हाताने लिहिलेली वही कोणी उघडलीच नव्हती. त्या पानावर, ब्लँकच्या ओळीशेजारी, फिकट लाल अंगठा उमटलेला होता.

मला लगेच कळलं, आणि तरी मी बराच वेळ ते दुसरं काहीतरी असावं म्हणून शोधत बसले. लाल पेनची शाई. पडलेलं लोणचं. मग खण उघडला. हळदीकुंकवाची पुडी तिथेच, गाळण्यांच्या उरलेल्या पिशवीखाली होती. चिमूटभर कुंकू भांड्यात घेतलं, ऍसिड घातलं, तापवलं, हजार पटीने पातळ केलं आणि यंत्राला पाजलं. शिशाची रेघ कागदाच्या वर निघून गेली. यंत्राला तो आकडा मोजताही येईना. ते कुंकू नव्हतंच, लाल रंगाचं शिसं होतं, आणि ते मी लॅबमधल्या सगळ्या बायकांच्या कपाळाला लावलं होतं.

साबणाने हात धुतल्यावरही ते नखात राहिलं होतं. त्या बोटांनी मी ग्लव्ह ओढून चढवले, त्याच्या बाहेरच्या बाजूला ते लागलं, आणि पहिलं भांडं ब्लँकचं म्हणून ब्लँकमध्ये गेलं. मग ग्लव्ह फाटला, नवा घेतला, आणि रस वाचला. म्हणजे रसातलं शिसं रसाचं, ब्लँकमधलं माझं, आणि माझं त्यातून वजा करून मी त्याला पास केलं होतं.

आणि त्या दिवशी त्या मजल्यावर एकच बाई अशी होती जिच्या अंगाला ते कुंकू लागलेलं नव्हतं. आम्हीच ते लागू दिलं नव्हतं. मी खुर्चीत बसून रडले. दार बंद होतं, म्हणून रडता आलं.

रविवारी मी भांडुपला गेले. टेकडीच्या पायऱ्या चढताना दम लागत होता आणि परत फिरावंसं वाटत होतं. मावशी दारात तांदूळ निवडत होती. मला बघून उठली. "बसा, चाय टाकतंय," म्हणाली, जणू काही झालंच नव्हतं. नात जमिनीवर चित्र रंगवत होती. तिच्या पेन्सिली वरून कापलेल्या डब्यांत उभ्या होत्या. सफरचंदाच्या रसाचे डबे. ओळीने सहा. मी ते मोजले.

चहा झाला तरी मला सुरुवात करता येईना. शेवटी सरळ सांगून टाकलं. कुंकू, नखं, ग्लव्ह, ब्लँक. ती नीट ऐकत होती. तिने इतकी वर्षं आमची बडबड ऐकली होती, तिला ब्लँक समजवायची गरज नव्हती.

"मगे माझ्या हातान नाय झाला?" तिने विचारलं.

"नाही."

"माका वाटला, माझ्या भांड्यान पोरांका विष गेला." तिने पदर तोंडाला लावला. "दोन म्हयने झोप नाय माका, मॅडम. दोनदा धुतलंय काय तीनदा, ताच आठवत बसतंय."

कामाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. दोन महिने ती रात्री पडल्या पडल्या भांडी मोजत होती. मी तिचा हात धरायला गेले, पण तिने तोवर मान वर केली आणि नातीकडे बघितलं.

"हिना सगळे पिल्यान. तेचा काय?"

"थोडंसंच होतं, मावशी. सहा डब्यांनी काही होत नाही."

शिशाच्या बाबतीत लहान मुलांना थोडंसं असं काही नसतं, हे मी नव्या मुलींना तोंडपाठ करून घ्यायचे. मावशीनेही ते धुता धुता कितीदा ऐकलं असणार. मी म्हटलं, रक्त तपासून घेऊ, मी नेते तिला. ती नुसती हं म्हणाली.

"सायबाक सांगलात?"

"सोमवारी सांगते."

मी निघाले तशी ती सवयीने फळीवरच्या करंड्याकडे गेली. घरी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवायचं नाही, आणि स्वतः लावायचं नाही, म्हणून तिने करंडा नातीच्या हातात दिला. "लाव गो बाय, मॅडमांका." पोरीने बोट बुडवलं. कुंकू लालभडक होतं. मी तिचं मनगट पकडलं, करंडा काढून घेतला, तिला मोरीत नेऊन हात धुतला. साबण लावून एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. पोरगी भेदरून रडायला लागली. मावशी दारात उभी राहून बघत होती. तिने मला थांबवलं नाही.

सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. बाहेरची तपासणी शुक्रवारीच आटोपली होती, एकही शेरा नव्हता. सरांनी पेढ्यांचं खोकं पुढे केलं. "त्या रसाच्या भानगडीची फाइल त्यांनी मुद्दाम मागितली होती," ते म्हणाले. "म्हणाले, कारण शोधलंत, उपाय केलात, चोख आहे. तुझ्यामुळे वाचलो बघ." मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात पेढा घातला. कारण बदललं असतं तर सही कोणाची, हा प्रश्न आला असता. मुलगी बारावीला होती, घराचे हप्ते चालू होते. अशी कारणं माझ्याकडे तयार होती, आणि खरीही होती. वर्षभराने मी ती नोकरी सोडली, पण त्याचं कारण मी गुडघेदुखी सांगितलं.

नातीचं रक्त तपासलं. मीच नेलं तिला. त्यात शिसं होतं. किती रसाचं, किती करंड्यातल्या कुंकवाचं, किती त्या चाळीच्या भिंतींवरच्या जुन्या रंगाचं, ते कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. तिथे वजा करायला ब्लँक नसतो. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा बघू. मावशीने करंडा फेकून दिला. पुढच्या वेळी मी फोन केला तेव्हा म्हणाली, सून नेईल, तुम्ही कशाला त्रास घेता. मी समजले.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बेल वाजवली. त्यांना धुण्याभांड्याला बाई हवी होती आणि भांडुपहून कोणीतरी एक आली होती.

"तुमच्या लॅबमध्ये होती म्हणते. ओळखता का हो?"

"ओळखते. फार चांगली आहे."

"नाही, बाई बरी वाटते. पण मी विचारलं, तिथून का सोडलंस, तर तोंडावर म्हणाली, भांडी नीट धुतली नाय म्हणून काढल्यांनी." त्या हसल्या. "आता भांड्यांसाठीच ठेवायची, आणि हे असं सांगते. खरं आहे का ते?"

मावशीला खरं माहीत होतं. मीच तर सांगितलं होतं. तरी तिने फॉर्मवर होतं तेच सांगितलं होतं. माझ्या दारासमोर, माझं नाव न घेता. मला एकच वाक्य बोलायचं होतं. समोर सर नव्हते, फाइल नव्हती, नोकरीही आता नव्हती.

"भांडी उत्तम धुते," मी म्हटलं. "तीनदा धुते."

"मग काढलं का?"

"ते मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.